जीवनलालचा डबा

श्यामलालच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात टेकचंद सोल्डरची तार घ्यायला थांबला होता. शेजारी उभ्या असलेल्या माणसाने खिशातून एक बटण काढून काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, "असं दुसरं हाये का जी?" आवाज कमी-जास्त करायचं ते हस्तिदंती रंगाचं जुनं बटण होतं, आणि त्याचा एक काठ मेणासारखा वितळून आत बसलेला होता. टेकचंदने ते हातात घेतलं नाही. खिशात गेलेला हात तसाच खिशात राहिला. बाहेर गोंदियाच्या बाजारातले हॉर्न वाजत होते, श्यामलाल म्हणत होता, "ऐसा बटन अब कहाँ मिलेगा भैया, ये तो अंग्रेज के जमाने का है," आणि टेकचंदला तो काठ कंदिलाच्या काचेला कसा टेकला होता, प्लॅस्टिक जळल्याचा वास कसा आला होता, आणि आपण घाईघाईने कंदील कसा सरकवला होता, एवढंच दिसत होतं. वय वर्षं तेवीस, साल एकाहत्तर. त्यानंतर तासाभरात जे झालं त्यात कंदिलाचा काही दोष नव्हता.

माणसाचं नाव ओमेश्वर. तिरोड्याच्या पलीकडे, चोरखमारा तलावाच्या अंगाला त्याचं गाव. घरी वडिलांच्या ऑर्केस्ट्राचा जुना डबा, गिटारचा ॲम्प्लिफायर, पडून आहे, म्हणाला. वडील गेले, डब्याला कोणी विचारत नाही, एक बटण मिळालं तर भंगारवाल्याला जरा बरा दिसेल. टेकचंदने घसा साफ केला. नोकरीत, चाळीस माणसं बसलेल्या ग्रंथालयातही, जो माणूस कधी मोठ्याने बोलला नाही, तो म्हणाला, "भंगारात देऊ नका. मी घेतो. पण हात लावू नका त्याला, आहे तसाच राहू द्या. मी येतो सोमवारी." ओमेश्वरने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चालू नाही हाये जी." "चालेल," टेकचंद म्हणाला. "बाबूजी को पुराना माल ही चाहिए," श्यामलाल हसत म्हणाला, "नया दो तो नाराज होते हैं." ओमेश्वरही हसला, शहरातल्या म्हाताऱ्यांना काय काय लागतं याची त्याला गंमत वाटली असावी. गावाचं नाव आणि घराची खूण सांगून तो निघून गेला. टेकचंद मात्र सोल्डरची तार न घेताच घरी आला.

जुन्या गिटारी आणि त्यांचे ॲम्प्लिफायर तो नव्याण्णव सालापासून विकत घेत होता. त्या वर्षी बाजारातली एक ऑर्केस्ट्रा पार्टी बंद पडली, सगळ्यांचं सामान कीबोर्डवाल्यांनी निरुपयोगी करून टाकलं होतं, आणि महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून घरी जाताना त्याला रस्त्यावर मांडलेला एक जुन्या पद्धतीचा, काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर दिसला. कशाला घेतला, असं त्याच्या बायकोने, निर्मलाबाईंनी, विचारलं. त्यांनी त्यावर तांदळाचा डबा ठेवला. मग दुसरा आला, त्यावर इस्त्री बसली. विकणाऱ्यांना आपण काय विकतोय ते ठाऊक नसे, आणि ज्यांना ठाऊक असे ते खोटं बोलत. आमगावच्या एका मंडपवाल्याने "रेल्वेचा गोरा ड्रायव्हर ऑस्ट्रेलियाला जाताना देऊन गेला" म्हणून जी गिटार दिली, तिच्या पोटात चिकटवलेल्या कागदावर कलकत्त्याचा पत्ता होता आणि साल ऐंशीचं, म्हणजे गोरे ड्रायव्हर कधीच निघून गेल्यानंतरचं. टेकचंदने तो कागद तिथेच वाचला होता, पण माणसाच्या तोंडावर त्याला खोटं पाडणं जमलं नाही. "हो का," म्हणून त्याने ती घेतली. बालाघाटहून एकाने फोनवर "एकदम चालू कंडिशन" सांगितलं, आणि हा दोन बस बदलून पोचला तर खोक्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली. सौंदडच्या एका भल्या माणसाने तर हवाईयन गिटार "तुम्ही येऊन राहिले म्हणून" आदल्या दिवशी रंगवून ठेवली होती. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला लाल ऑइलपेंट होता. रंग अजून ओला होता आणि त्या माणसाचे डोळे कौतुकाची वाट पाहत होते. टेकचंद म्हणाला, छान झाली. ती गिटार त्याने लाल बोटांनी घरी आणली, ती अजून त्याच्या पलंगाखाली होती. यांतलं काहीच तो वाजवत नसे. तो मागचा पत्रा खोलून आत बघे, व्हॉल्व्हचे नंबर वहीत उतरवून घेई, सुटलेले सोल्डरचे टाके जोडून पुन्हा पत्रा लावी. निर्मलाबाई म्हणत, "वाजवायचं नाही तं आनता कायले? मुके जनावर पाळल्यासारखं." तो स्क्रू पिळत राही, कारण का ते त्याला स्वतःलाही नीट माहीत नव्हतं, निदान श्यामलालच्या दुकानातल्या त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

आता माहीत झालं होतं. अकरा वर्षं तो एकच डबा शोधत होता आणि तो मिळणार नाही याची खात्री असल्यामुळे दुसरे घेत होता. जीवनलालचा डबा. ओमेश्वरचा बाप जीवनलाल हार्मोनियम वाजवी, पार्टी त्याची, डबाही त्याचा; नागपूरला जाऊन एका रेल्वेवाल्याकडून विकत आणलेला विलायती डबा, दोन हस्तिदंती बटणांचा. टेकचंद मांडीवर हवाईयन गिटार आडवी ठेवून डाव्या हातातला पोलादी बार तारांवरून सरकवे, आणि गोंदियात तालमीच्या खोलीत तो आवाज इतका सरळ यायचा की खालचा पानवाला वर पाहून थांबे. कार्तिकातल्या मंडईला, दिवाळीनंतर गावोगावी भरते त्या जत्रेला, जीवनलालच्या स्वतःच्या गावी पहिला मोठा कार्यक्रम ठरला. डबा दोन दिवस आधीच गावी नेला होता, जीवनलालच्या घरी. राईस मिलच्या जनरेटरवरून वायर ओढली होती. माणसं किती होती सांगता येत नाही, कारण टेकचंदने वर पाहिलंच नव्हतं. पहाडी धून त्याने सुरू केली आणि खालच्या तारेवर आला तसा आवाज फाटला. खर्र. वर गेला, नीट. खाली आला, खर्र. बार तारेवर हलका टेकला की असं होतं, हे त्याला शिकवलेलं होतं. म्हणून त्याने जोर दिला, मग सूर चढला, मग जोर कमी केला, आणि पुन्हा खर्र. जीवनलालने हार्मोनियम थांबवली. माईक त्याच्या तोंडासमोर होता, हे तो विसरला असेल किंवा नसेल. "बोटं लाकडाची हायेत काय बे तुही?" सगळी मंडई हसली. हसणं वाईट नव्हतं, मंडईत माणसं हसायलाच येतात. टेकचंदने बार खाली ठेवला, गिटार खोळीत घातली, आणि पहाटेच्या बैलगाडीने निघून आला. नंतर जीवनलालने निरोप पाठवला, राग धरू नको म्हणून. याने राग धरलाच नव्हता. याने ते मान्य केलं होतं. पुढच्या वर्षी ग्रंथालयात नोकरी लागली, आणि पुस्तकांना खालच्या तारा नसतात.

मात्र ग्रंथालयातच, पुढे कधीतरी, रेडिओ दुरुस्तीचं एक जाडजूड पुस्तक हाताशी आलं आणि त्यात आवाज का फाटतो याची कारणं होती. त्याने ती वहीत लिहिली. पहिलं कारण त्याने स्वतः घातलं: हात. दुसरं, कच्चा टाका. तिसरं, गळका कंडेन्सर. चौथं, व्हॉल्व्हचे पाय सैल. पाचवं, बटणाखालची झिजलेली चकती. सहावं, स्पीकरची घासणारी गुंडाळी. सातवं, मिलच्या जनरेटरची वीज. वही जुनी झाली, यादी तीच राहिली. कुठल्याही डब्याचा मागचा पत्रा खोलताना तो आधी टाके पाही. दुसऱ्यांच्या डब्यांत कच्चे टाके सापडत, आणि सापडला की त्याला एक बारीकसा आनंद होई, जो लगेच जाई, कारण हा तो डबा नव्हे. आता तो डबा तीन दिवसांवर होता. आत बघायचं, एवढंच. कच्चा टाका दिसला तर दिसला. नाही दिसला तर पहिलं कारण उरेल, आणि ते तर इतकी वर्षं आहेच. त्याचं ओझं नव्याने होणार नाही. असं तो स्वतःला सांगत होता, पण रविवारी त्याने पिशवीतला स्क्रूड्रायव्हर तीनदा काढून पाहिला.

तिरोड्याहून काळीपिवळी जीपमध्ये बसला तेव्हा औष्णिक वीज केंद्राची अर्धी बांधलेली चिमणी उजवीकडे बराच वेळ सोबत राहिली. धान कापून बांध्या उघड्या पडल्या होत्या. ओमेश्वरचं घर सापडायला वेळ लागला नाही. ओसरीत जमुनाबाई बसल्या होत्या, जीवनलालची बायको, साठीच्या आसपासची, पायाशी सूप. टेकचंदने त्यांना कधी पाहिलं नव्हतं; मंडईच्या त्या वर्षी त्या नव्या नवरी होत्या आणि आतच असत. त्यांनी पाणी दिलं आणि पवार समाजाच्या घरी कोणी पवार येताच विचारतात तेच, कुळाचं आडनाव, विचारलं, "कोनते जी तुम्ही? कुर कोनतं?" आपलं बिसेन म्हणायला तोंड उघडलं आणि टेकचंदच्या तोंडून त्याच्या आईच्या माहेरचं आडनाव निघालं. "रहांगडाले." खोटं बोलण्याचा त्याला सराव नव्हता. "रहांगडाले कोनत्या गावचे?" "गोंदियाचेच." "गोंद्याचे कोनी रहांगडाले नसतात, गोंद्याले सगरे कुठून तरी आलेलेच हायेत," जमुनाबाई म्हणाल्या आणि सूप हलवायला लागल्या. तेवढ्यात ओमेश्वरने डबा आणला. दोन्ही हातांत धरून, नव्या बाळाला दाखवायला आणावं तसा.

डब्याला नवं काळं रेक्झिन होतं. पुढच्या जाळीत निळा दिवा लागला होता. त्याच्या बाजूला पेनड्राइव्हची खाच होती. "तुम्ही एवढ्या दुरून येऊन राहिले," ओमेश्वर म्हणाला, "तुमाले बंद माल कसा देऊ? तिरोड्याच्या मेकॅनिककडं नेला. त्यानं सांगितलं, आतलं सगरं सडलं हाये. सगरं काढून टाकलं, नवीन प्लेट बसवली. आता एफेम भी लागते." त्याने बटण फिरवलं, नवं चकचकीत बटण, आणि डब्यातून कुठल्याशा जाहिरातीचा आवाज आला. टेकचंद वाकून मागे गेला. मागची बाजू उघडीच होती. जिथे व्हॉल्व्ह असायला हवे होते तिथे तळहाताएवढी हिरवी पाटी, चार स्क्रूंवर. "जुनं सामान?" त्याने विचारलं. "फेकलं असन त्यानं. काचेचे बलब होते, फुटले. तुमाले मी म्हनलं ना, चालू नाही हाये, तं बरं नाही वाटलं. स्पीकर मात्र थोच हाये जी, ओरिजिनल. थ्याला हात नाही लावू देल्लो." टेकचंदला वाटलं, आपणच हे केलं. भंगारात गेला असता तर कदाचित टाके तसेच राहिले असते. हात लावू नका म्हणालो, आणि माणसाला हात लावू नका म्हटलं की तो हात लावतोच. शिवाय घरी येणाऱ्याला मोडकं द्यायचं कसं. त्याने मान हलवली. "छान झाला," तो म्हणाला. सौंदडलाही तो हेच म्हणाला होता.

"थो डबा कधीच धड नाही चालला," जमुनाबाई सुपातून वर न पाहता म्हणाल्या. टेकचंद खाली बसला. "म्हणजे?" "सदाचा खरखरे. गोंद्याचा एक पोरगा होता वाजवनारा, बिसेनाचा, थ्यानं बिघडवला. मंडईत. माह्या लगनाच्या साली. आमचे थे म्हनत, थ्यानं बाधा लावून देल्ली डब्याले. मंग कोनीही वाजवो, खरखर." "दुसरा वाजवायला लागला तरी खरखर यायची?" त्याने इतक्या हळू विचारलं की त्यांना पुन्हा विचारावं लागलं. "यायची तं. नाही तं नाही. कधी कधी. आमचा रेडिओ होता थो बी खरखरे, थो का डबा, आता कोनाले आठवते. थो पोरगा मरन पावला म्हनतात. सौंदडजवळ रेल्वेखाली." "कोण?" "थोच बिसेनाचा. गोरा गोरा होता, तोतरा." टेकचंद सावळा होता आणि कधी तोतरा नव्हता. "हो का," तो म्हणाला. सांगावंसं वाटलं, मी जिवंत आहे, पण ते सांगण्याची पद्धत सुचली नाही. त्यांनी म्हटलेल्या सगळ्यातलं एक वाक्य खरं असावं, दुसऱ्या कोणी वाजवलं तरी खरखर यायची हे, आणि तेच वाक्य त्यांनी लगेच मागे घेतलं होतं. न्यायालयात अशी साक्ष टिकली नसती. त्याच्या वहीतही टिकली नाही.

पैसे दिले, ओमेश्वरने मेकॅनिकचे वर मागितले, तेही दिले. डबा उचलायला गेला तशी जमुनाबाई म्हणाल्या, "थांबा जी." आत गेल्या, ढोलीतून मूठभर नवं धान आणलं आणि मागच्या उघड्या बाजूने डब्यात टाकलं, घरातल्या देवापुढे अक्षता टाकाव्या तसं सहज. "आई, थ्याच्यात प्लेट हाये!" ओमेश्वर ओरडला. "राहू दे प्लेट. रिकामा डबा घरातून जात नसते. थे पोग्रामले नेत तवाही मी टाकतच होती, लगन होऊन आली तवापासून. थ्याहीले कधी सांगितलो नाही, हसतीन म्हनून." टेकचंद त्यांच्या पाया पडला नाही, पण वाकल्यासारखा झाला. त्याच्या डोक्यात ती हिरवी पाटी होती, आणि बाकीचं त्याने ऐकलं तसं कानावर पडू दिलं. काळीपिवळीवाला म्हणाला, "काका, तोंडावर झोपवा त्याले, बटनं मोडतीन." तसा डबा तोंडावर पालथा घालून, पायांमध्ये धरून, तो खड्ड्यांतून तिरोड्यापर्यंत आला. त्या वर्षी घरून मंडईपर्यंत बैलगाडीतही डबा असाच पालथा नेला होता, धानाच्या पेंढ्यांवर. हे त्याला आठवलं ते डब्याच्या आठवणीने नव्हे, पेंढ्यांच्या वासाने, आणि मग झोप लागली.

आठवडाभर डबा खोलीच्या कोपऱ्यात राहिला. निर्मलाबाईंनी त्यावर काही ठेवलं नाही, कारण त्याला निळा दिवा होता आणि त्यांना तो आवडला होता. दुपारी त्या त्यावर एफेम ऐकत. "हा एक बरा आनला," त्या म्हणाल्या. बातम्यांच्या आवाजात खालच्या स्वरांना काम नसतं, त्यामुळे तो नीटच वाजे. टेकचंदने वही काढली, सातही कारणं पाहिली आणि कुठल्याच कारणावर काट मारता येत नाही हे पाहून ती मिटली. मग रविवारी दुपारी निर्मलाबाई स्वयंपाकघरात भाजी निवडत असताना त्याने पलंगाखालची लाल गिटार काढली. का, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. कदाचित आता डब्यात शोधण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून. तारा नव्या लावल्या, वायर जोडली, पलंगाच्या काठावर बसून गिटार मांडीवर आडवी घेतली. बार डाव्या हातात थंड होता, पूर्वी वाटे त्याहून जड. उजव्या हाताच्या बोटाने त्याने खालची तार छेडली.

खर्र.

हात आपणहून वर आला. तेच होतं. त्याने जोर दिला, सूर चढला, जोर कमी केला, पुन्हा खर्र. एकोणचाळीस वर्षं मध्ये गेलीच नव्हती, मध्ये फक्त पुस्तकं होती, आणि सगळी पुस्तकं एका हाताने उचलून बाजूला ठेवली की खाली हा आवाज होता. नवी प्लेट, नवी वीज, नवी तार. मधली कारणं मेकॅनिकने फेकून दिली होती, आणि स्पीकर तोच जुना आहे हे त्याला आठवलंही नाही. पहिलं उरलं होतं. त्याला आश्चर्य वाटलं नाही. उलट एक प्रकारे सुटल्यासारखं वाटलं, की चला, झालं, आता पुढे कुठे जायला नको. तो बार खाली ठेवायला वाकला.

"खरखर कायची होऊन राहिली जी?" निर्मलाबाई आतून म्हणाल्या. त्यांनी भाजीवरून मानही वर केली नसणार. "डब्यात काही अडकलं असन. उलटा करून पहा तं."

टेकचंद तसाच वाकलेला राहिला. डब्यात काही अडकलं असेल. त्या मंडईत एवढी माणसं होती, जीवनलाल होता, तबलेवाला होता, आणि तो स्वतः होता, सगळ्यांच्या जवळ. कोणी हे म्हणालं नव्हतं. तो स्वतः म्हणाला नव्हता. लाकडाची बोटं म्हटल्याबरोबर त्याने बोटांकडे पाहिलं होतं. त्याने वायर काढली, डबा उचलला आणि उलटा केला. काही दाणे लादीवर पडले. बाकीचे पडले नाहीत. त्याने मागून बॅटरीचा उजेड पाडून पाहिलं: स्पीकरच्या पत्र्याच्या सांगाड्यात, कागदाच्या कडेला लागून, सात-आठ दाणे अडकले होते, कुसासकट, पालथ्या प्रवासात खाली येऊन तिथेच बसलेले. घरातून रिकामा डबा जात नसते. लगन होऊन आली तवापासून. थ्याहीले कधी सांगितलो नाही. सगळी वाक्यं एका मागे एक आली, जमुनाबाईंच्या आवाजात, आणि त्यांतलं कुठलं खरं आणि कुठलं रेडिओचं, हे आता विचारायला जाता येणार नव्हतं. गेला तरी त्या म्हणणार, थो पोरगा तं मेला. माणसाला हवं ते सापडतं, असंही त्याला वाटलं. मंडईच्या दिवशी डब्यात धान होतंच असं नाही. त्याने शिवणाची सुई मागून घेतली आणि एक एक दाणा उचकून काढला. निर्मलाबाईंनी येऊन पाहिलं. "कोनी टाकलं हे?" "जमुनाबाईंनी." "फेकू नका. नवं धान हाये," म्हणून त्यांनी ते लादीवरचं आणि तळहातावरचं गोळा करून पदराच्या कोपऱ्यात बांधलं, आणि गेल्या.

वायर पुन्हा जोडली. निळा दिवा लागला. तो पलंगाच्या काठावर बसला, गिटार मांडीवर, बार तारेवर, आणि खालची तार छेडली. आवाज स्वच्छ आला, सरळ, खोलीच्या भिंतीपर्यंत गेला आणि थांबला. आणि सूर उतरलेला होता. बार पट्टीच्या रेघेमागे केसभर पडला होता, सरावच नव्हता, आणि अंगठा तर ठेवायचा तिथे नव्हताच. खरखर नव्हती, फक्त चूक होती, आणि ती दुसऱ्या कोणाची असणं शक्य नव्हतं. टेकचंदने ती नीट ऐकून घेतली. मग बार केसभर पुढे सरकवला.